तीनशे किलोमीटरचा दिवस

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एक हिशेब हमखास चुकतो. पुण्याहून गणपतीपुळे साधारण ३३० किलोमीटर. जाऊन-येऊन ६६०, तिथे आजूबाजूला फिरायला ५०-६० धरले तरी ७२० च्या वर काही जात नाही. गाडीवाल्याने, समजा, किलोमीटरला १४ रुपये सांगितले. म्हणजे दहा हजार आणि वर थोडे. तीन दिवसांनी हातात बिल येतं ते मात्र पंधरा हजारांच्या आसपासचं, आणि मग ‘चांगलंच कापलं’ अशी चर्चा जेवणाच्या टेबलावर सुरू होते.

बहुतेक वेळा कोणी कापलेलं नसतं. परगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत आहे. गाडी तेवढी पळो अथवा रिसॉर्टच्या आवारात नारळाखाली उभी राहो, पैसे तेवढ्याचे. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर, म्हणजे १२,६०० रुपये. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता रोज ४०० धरा, पाच टक्के जीएसटी धरा, टोल आणि पार्किंग वेगळं. झाले पंधरा हजार. गाडीवाल्याची बाजूही समजण्यासारखी आहे. गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार हे सगळं दिवसावर चालतं, किलोमीटरवर नाही. आपण गाडी ठरवतो तेव्हा खरं तर तिचे आणि एका माणसाचे दिवस विकत घेत असतो. दर तेवढा किलोमीटरच्या भाषेत सांगतात, कारण तसा तो स्वस्त वाटतो.

हा ‘दिवस’ही नीट पाहून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी तो रात्री १२ ते रात्री १२ असा मोजतात. शुक्रवारी रात्री दहाला ‘म्हणजे सकाळी पोचून जाऊ’ म्हणून निघालात, तर त्या दोन तासांचा अख्खा एक दिवस बिलात बसतो. शिवाय मीटरचा आकडा तुमच्या दारातून लिहायचा की गाडीवाल्याच्या दारातून, हेही आधीच विचारलेलं बरं. तुम्ही बावधनला आणि गाडी हडपसरची असेल, तर दोन्ही वेळचं ते अंतर तुमच्याच नावावर पडतं.

यावर उपाय म्हणून हल्ली लोक ‘ड्रॉप’ मागतात. जाताना एक गाडी, येताना दुसरी, मधल्या दिवसांचं ओझं नाही. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक, पुणे-शिर्डी अशा वाहत्या रस्त्यांवर हे उत्तम जमतं, कारण परतीचं भाडं मिळण्याची गाडीवाल्याला खात्री असते. जिथून परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही तिथे ड्रॉपच्या दरात रिकामी परतफेरी मिसळलेली असते. गोव्याचं उदाहरण घ्या. बाहेरच्या गाडीने तिथून भाडं उचलावं हे स्थानिक टॅक्सीवाल्यांना खपत नाही, त्यावरून भांडणं होतात. साहजिकच गोव्याचा ड्रॉप कागदावर एकेरी दिसला तरी पैशाने दुहेरी असतो. माझा अंदाजपंचे नियम असा: मुक्काम तीन रात्रींहून जास्त असेल तर दोन ड्रॉप परवडतात. त्याहून कमी असेल तर गाडी आपल्यापाशीच ठेवावी. रात्री कोणाला ताप आला तर दाराशी गाडी आहे, ह्यालाही किंमत आहे.

गाडी कुठली, या प्रश्नावर घरात फार वेळ जातो, उत्तर मात्र सोपं आहे. एके काळी यात्रेला ट्रॅक्स किंवा सुमो ठरायची. १९९४ साली आलेल्या सुमोचं नाव जपानी पहिलवानांवरून आलं असं अनेकांना वाटतं, पण ते टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातून घडवलेलं आहे. तिच्या मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर बसून घाट चढलेली पिढी आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असेल. त्यांना मळमळीचं वर्णन सांगायला नको. पुढे २००० च्या सुमारास क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली, आणि भाड्याच्या गाडीत आजी-आजोबांना सुखाने झोप लागू लागली. आज परवडणाऱ्या दरात बहुधा अर्टिगा मिळते. फक्त ती ‘सहा माणसांची’ म्हणतात तेव्हा सहा माणसांच्या बॅगा कुठे जाणार हे विचारा. मागची रांग उघडली की डिकी नावापुरती उरते. छोट्या सीएनजी गाडीत तर डिकीची निम्मी जागा टाकीच खाते. टपावर कॅरियर आहे का, ताडपत्री आहे का, हे निघायच्या सकाळी नव्हे, आदल्या आठवड्यात पाहायचं.

पाटीचा रंग मात्र तडजोडीचा विषय नाही. पिवळ्या पाटीवर काळे आकडे ही भाड्याची गाडी, विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी दोन रुपयांनी स्वस्त मिळते, माणूसही भला असतो. पण परवान्याशिवाय भाडं मारणं मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की खासगी विमा काढलेली गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनीला भरपाईतून हात काढून घ्यायला आयतं कारण मिळतं. वाचलेले दोनेक हजार तेव्हा फार महाग पडतात. राज्याबाहेर जाणार असाल तर गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे ना, तेही पाहावं. नसेल तर सीमेवर कर भरण्यात सकाळ जाते.

आता ड्रायव्हरकडे येऊ. बिलात त्याची एकच ओळ असते, पण सहल बरी झाली की वाईट हे त्याच्यावर ठरतं. भत्ता त्याच्या जेवणाचा आणि झोपण्याचा. चारशे रुपयांत गणपतीपुळ्याला किंवा महाबळेश्वरला दिवाळीत खोली मिळत नाही. मग तो सीट मागे पाडून गाडीतच झोपतो आणि भत्ता घरी नेतो. आपण समुद्राकडच्या खोलीत झोपून उठतो, आणि सकाळी आंबा घाट चढवायला बसतो तो डासांशी झगडलेला माणूस. हॉटेलचं आरक्षण करतानाच ‘ड्रायव्हरला झोपायची सोय आहे का?’ हा प्रश्न विचारावा. काही हॉटेलांत आणि देवस्थानांच्या भक्तनिवासात ती असते. नसेल तर एखादी साधी खोली त्याच्यासाठी घ्यावी. हा धर्मादाय नाही. गाडीत आपलीच माणसं बसलेली असतात.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असं माप घालून दिलं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. आपल्याकडची परगावची कितीतरी भाडी एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे असतात आणि कधी मालक स्वतःच स्टिअरिंगवर. त्याचे तास मोजणारं कोणी नाही. अष्टविनायक घ्या. पुणे, अहिल्यानगर आणि रायगड या तीन जिल्ह्यांत विखुरलेली आठ देवळं, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर. दोन दिवसांत करायची म्हटली की ड्रायव्हर पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत जागाच. लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या चढून-उतरून आपण दमतो, पण खाली त्याला तेवढीच तासभर झोप मिळते. म्हणून उतरल्यावर चहा आधी घ्यावा, हाक नंतर मारावी.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह खुला झाल्यापासून नागपूर-मुंबईचं ७०१ किलोमीटरचं गणित नव्याने मांडलं जातंय. मोटारींना तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणून लोक सहा-सात तास धरतात. पण भाड्याच्या गाड्यांना नियमाने वेगनियंत्रक लागतो आणि तो ८० वर अडकवलेला असतो. ड्रायव्हरकाका कितीही दाबोत, काटा पुढे सरकत नाही. म्हणजे न थांबता पावणेनऊ तास, आणि जेवण-चहासह दहा-साडेदहा. शेजारून सुसाट जाणाऱ्या खासगी गाड्या बघून मागच्या सीटवरून ‘काका, जरा घ्या की’ सुरू होतं. सरळ, एकसुरी, गावं बाहेर ठेवून जाणारा रस्ता ड्रायव्हरच्या डोळ्यांवर आधीच झापड आणतो. त्यात घाई नको. दर दोन तासांनी उतरावं आणि पहाटे तीन ते पाच ही वेळ रस्त्यावर काढूच नये.

गाडी ठरवताना मी दर विचारतो, परवाना विचारतो, आणि आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरला फोन करून आणखी एक विचारतो: काल रात्री कुठल्या भाड्यावर होता? ‘आत्ताच तुळजापूरहून आलो’ असं उत्तर आलं, तर सकाळी पाचऐवजी नऊला निघायचं. गाडीवाला कुरकुरत नाही, दिवस त्याचा भरलेलाच असतो. कुरकुरतात ते घरचे, कारण पुळ्याच्या वाटेवरचं जेवण ठरल्या जागी होत नाही.