चांद्याचा कोट

सूरजागडाकडील आमची मंडळी कामानिमित्त चंद्रपुरास जातात, जटपुरा दरवाजापाशी गाड्यांच्या गर्दीत अडकतात, आणि वेळ मोडला म्हणून दरवाजासच बोल लावतात. अशा वेळी मान वर करून पाहावे. हत्तीवर झेपावलेला सिंह तेथे कोरलेला आहे. ते गोंड राजांचे राजचिन्ह होय.

या कोटाचा पाया खांडक्या बल्लाळशाहाने घातला, असे परंपरा सांगते. काम पुरे होण्यास मात्र पिढ्या लागल्या. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर व पश्चिमेस बिनबा, असे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या. त्यांतील एकीस मसाण खिडकी म्हणतात. तिचा उपयोग नावावरून चतुर वाचक ताडतीलच.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी हा तट फोडून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग त्या प्रसंगी कामास आला. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि चांदा इंग्रजी जिल्ह्याचे ठाणे बनले. अहेरीकडील मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच शहरातील तुरुंगाच्या आवारात फाशी दिले. ज्या रानांतून त्यांनी लढा दिला, ती आमच्या शेजारचीच. म्हणून चांद्याचे हे दगड आम्हांस परके वाटत नाहीत.

तटाच्या सांध्यांतून झाडे रुजून चिरे सुटू लागले होते. २०१७ साली शहरातील तरुणांनी श्रमदानास आरंभ केला व झुडपे काढून बुरूज मोकळे केले. आता कित्येक ठिकाणी तटावरून चालत जाता येते.