दादरचे दोन ‘एक नंबर’

डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत दादरच्या पुलावर कुणाला ‘एक नंबर कुठे?’ असं विचारलं, की उलटाच प्रश्न यायचा: ‘वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ ९ डिसेंबरला मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, आणि हा घोळ मिटला. एका नावाच्या स्टेशनाला एकसलग आकडे मिळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली, कारण दादर हे मुळात एक स्टेशन नव्हतंच. जीआयपी कंपनीची गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली. बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीची विरार-बॅकबे गाडी १८६७ मध्ये सुरू झाली. १९५१ मध्ये सरकारने रेल्वेची फेररचना केली, तेव्हाही त्यांच्या मध्य आणि पश्चिम अशा दोन वेगळ्या रेल्वेच झाल्या.

रूळ शेजारी आले म्हणून दादर मोठं झालं, असं सहज म्हटलं जातं. मुंबईचं बेट लांबट आणि अरुंद, त्यामुळे दोन्ही मार्ग जवळून जाणारच, हे खरं. पण मग परळ आणि प्रभादेवीही एकमेकांना खेटूनच आहेत, करी रोड आणि लोअर परळमध्येही फार अंतर नाही. तिथे दादर झालं नाही, कारण ती मुख्यतः स्लो गाड्यांची स्टेशनं. दादरला दोन्हीकडच्या फास्ट थांबतात. डोंबिवलीहून अंधेरीला निघालेला माणूस नकाशावरचं जवळचं ठिकाण शोधत नाही. फास्ट कुठे सोडायची आणि फास्ट कुठे पकडायची, हे बघतो. म्हणून माझ्या मते दादर घडवलं ते रुळांपेक्षा वेळापत्रकाने. (जुन्या मराठीत ‘दादर’ म्हणजे जिना किंवा पूल, नाव एवढं शोभून दिसावं, हा योगायोगच.)

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की दादर वस्तीने मोठं केलं. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली, आणि पश्चिमेला फुलबाजार भरतो, जिथे पहाटे झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं जिने चढतात-उतरतात. पण यातून कळतं ते दादरला उतरणारे का उतरतात, एवढंच. केवळ गाडी बदलायला पूल चढणाऱ्याला वस्तीशी किंवा झेंडूशी काही देणंघेणं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. फास्ट थांबत नसताना तिथे एवढी गर्दी आली कुठून? आली ती गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांमधून. गिरणगावाच्या हिशेबाने बांधलेल्या जिन्यांवर नोकरदारांचा लोंढा आला आणि जिने तेवढेच राहिले. म्हणजे वेळापत्रकावाचूनही गर्दी जमते, हे मान्य करावं लागतं. पण ती प्रामुख्याने मुक्कामाला पोचणाऱ्यांची असते. दादरच्या पुलावरचे अनेकजण अजून अर्ध्या वाटेतच असतात, आणि समोरच्या फलाटावर फास्ट लागलेली दिसली की ते धावत सुटतात.