श्रवणयंत्र की मध्यकर्ण रोपण?
श्रवणयंत्र आवाज वाढवून कानाच्या नळीत सोडते. नको झाले की काढून खिशात. मध्यकर्ण रोपणात शस्त्रक्रियेने बसवलेला, तांदळाच्या दाण्याहून लहान कंपक कानातली हाडे थेट हलवतो. 'व्हायब्रंट साउंडब्रिज' हे असे रोपण १९९६ पासून वापरात आहे. श्रवणयंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याने ज्यांची कानाची नळी सारखी चिघळते, त्यांना ते खरे उपयोगी. इतरांनी आधी यंत्रच नीट बसवून घ्यावे. रोपणाचा खर्च लाखांत जातो, शिवाय एमआरआयची अडचण. सिरसाळा परिसरातल्यांनी परळीमार्गे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठून आधी श्रवणतपासणी करावी. अपंगत्व ४० टक्के वा अधिक आणि उत्पन्न मर्यादेत असल्यास केंद्राच्या 'एडिप' योजनेतून यंत्र मिळू शकते.