एक खाच खाली

यामाहा आरएक्स १०० भारतात आली १९८५ साली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. कंपनीने हात झटकून पाव शतक उलटलं, तरी कोल्हापुरात ही गाडी अजून रोजच्या वापरात दिसते. ती चालती ठेवणारी माणसं शिवाजी उद्यमनगरात आणि पेठांतल्या अरुंद गॅरेजांत भेटतात. तिथे घटकाभर बसलं की एक गोष्ट लक्षात येते. बोअर झाला, पिस्टन बदलला, सायलेन्सर जाळून साफ केला, तरी गाडी मनासारखी पळते की नाही हे ठरतं कार्बोरेटरमधल्या एका सुईवर.

गिऱ्हाईक मात्र सुईचं नाव घेत नाही. ते येतं खिशात नवा मेन जेट घेऊन, कुणीतरी सांगितलेला, एक नंबर मोठा.

"मेस्त्री, एवढा टाकून द्या की. गाडी वडतच नाही."

"कुठं मरतीया? निम्म्या रेसला का फुल्ल रेसला?"

"पन्हाळ्याला चढताना. तिसऱ्यात."

"मग जेट ठेवा खिशात. सुई बघूया."

मेन जेटचा हा सोस मला कधी उमगला नाही. त्याचा अंमल सुरू होतो रेस पाऊण पिळल्यावर. दोन स्पीडब्रेकरांच्या मधे आपण पाऊण रेस कितीदा पिळतो? बंद रेसपासून पाव रेसपर्यंत पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा तिरका काप यांचं चालतं. पावपासून पाऊणपर्यंत, म्हणजे आपण दिवसभर जिथे गाडी चालवतो तिथे, पेट्रोल मोजून देते ती सुई. हद्दी अर्थात अशा रेघ मारल्यासारख्या नसतात; एकीचा अंमल संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो.

आरएक्सचा कार्बोरेटर मिकुनीच्या व्हीएम जातीचा. गोल स्लाइड, तिच्या मधोमध लोंबणारी सुई, आणि सुई ज्यात खालीवर होते तो पितळी नीडल जेट. रेस पिळली की केबल स्लाइडला वर ओढते, स्लाइडबरोबर सुई वर येते. वरचा भाग सरळ, खालचा निमुळता; त्यामुळे सुई जितकी वर, तितकी भोवतीची फट मोठी आणि तितकं पेट्रोल जास्त. ही रचना मिकुनीच्याही आधीची आहे. १९२७ साली तीन कंपन्या एकत्र येऊन बनलेल्या बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीने तीच ब्रिटिश मोटरसायकलींच्या गळ्यात बांधली होती.

त्या फटीचा हिशेब एकदा कागदावर करून बघावा. समजा, नीडल जेटचं भोक २.६० मिलिमीटर आणि सुईचा सरळ भाग २.५० मिलिमीटर. उरलेल्या कडीचं क्षेत्रफळ भरतं ०.४० चौरस मिलिमीटर. आता वर्षानुवर्षं सुई घासून भोक २.६१ झालं. वाढ एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची, पण फट वाढते १० टक्क्यांनी. जुन्या आरएक्सचा प्लग काळा का येतो आणि अ‍ॅव्हरेज का पडतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. भोक झिजून अंडाकृती झालेलं असतं आणि मालक बिचारा मेन जेट लहान करत बसतो.

सुईच्या माथ्याशी बारीक खाचा असतात, बहुधा पाच. त्यांतल्या एकीत इंग्रजी ई अक्षरासारखी क्लिप बसते आणि सुई त्या क्लिपवर टांगलेली राहते. क्लिप वरच्या खाचेत घेतली की सुई खाली उतरते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. क्लिप खालच्या खाचेत घेतली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होतं. नवशिका इथे हमखास उलटं करतो. मग सुधारायचं म्हणून आणखी एक खाच, तीही त्याच दिशेने.

काम तसं हाताचं आहे. वरचं टोपण फिरवलं की केबलसकट स्लाइड बाहेर येते. अंगठ्याने स्प्रिंग दाबून धरायची, केबलची गाठ खाचेतून सरकवायची, सुई हातात येते. क्लिप काढताना खाली फडकं अंथरलेलं बरं. ती उडाली तर फरशीच्या कोणत्या फटीत गेली ते कळत नाही. परत बसवताना स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरच्या बाजूला. एका खाचेचं अंतर जेमतेम एक मिलिमीटर. त्याहून बारीक फरक हवा असेल तर क्लिपखाली पातळ वॉशर घालतात.

पण खाच बदलून सगळं भागत नाही. खाच बदलली की सुई सबंध वरखाली सरकते, तिचा निमुळतेपणा तोच राहतो. पाव रेसला गाडी खोकते आणि अर्ध्या रेसला उत्तम चालते, तर दुसरी सुईच लागते. मिकुनीच्या सुईवर कोरलेला नंबर ही तिची कुंडली. पहिला आकडा लांबीचा गट सांगतो, अक्षर निमुळतेपणाचा कोन सांगतं आणि अक्षरागणिक तो कोन पाव अंशाने वाढतो. दोन अक्षरं असतील तर सुई दोन टप्प्यांत निमुळती होते, वर एक कोन, खाली दुसरा.

सुया पारखायची रीत कंटाळवाणी आहे आणि तशीच असायला हवी. इंजिन पुरतं गरम, रस्ता तोच, चढ तोच, एका वेळी एकच बदल. रेसच्या मुठीवर टेप चिकटवून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करायच्या, कारण अर्धी रेस आपल्याला वाटते तिथे कधीच नसते. मग तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या खुणेवर मूठ धरून चढ चढायचा आणि ऐकायचं. दाट मिश्रणावर टू-स्ट्रोक एकाआड एक ठोका चुकवते. आवाज भरडा, ओलसर येतो. पातळ असेल तर आवाज कोरडा आणि रेस पिळताच क्षणभर पोकळी, जणू पेट्रोलच संपलं. शंका उरली तर चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण मुळात पातळ होतं. उलट बाजूने बघायचं तर चालत्या गाडीत पेट्रोल कॉक बंद करावा. कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी उतरते तसं मिश्रण पातळ होत जातं, आणि बंद पडण्याआधी गाडी चार क्षण झकास ओढली तर ती दाट होती. शेवटी अर्ध्या खुणेवरून क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. बिस्किटाचा रंग चांगला, काळा म्हणजे दाट, पांढराफटक म्हणजे धोका. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणाची चैन परवडत नाही. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला की मागचं चाक लॉक होतं, तेही अंगात वेग असताना.

यात हवासुद्धा लुडबुड करते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. कार्बोरेटरच्या मिश्रणावर त्याचा परिणाम निम्माच उतरतो, त्यामुळे गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलेल्या गाडीला सहसा काही जाणवत नाही. लेहची गोष्ट वेगळी. साडेतीन हजार मीटरवर हवा ३० टक्क्यांनी विरळ होते, आणि कार्बोरेटरवाली बुलेट घेऊन गेलेली इथली पोरं तिथे क्लिप एक खाच वर घेतात.

हल्ली मात्र घाटापेक्षा पेट्रोल पंपच जास्त सतावतो, कारण तिथलं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं असतं. निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेरा पटीच्या आसपास पुरते. जुन्या सुईला हे ठाऊक नसतं. ती पूर्वीच्याच मापाने ओतते आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हा फरक बऱ्याच अंशी स्वतः सावरून घेतात, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यापासून नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. आरएक्सला सावरायला मेस्त्रीच लागतो. गंमत अशी की इथेनॉल बनतं उसापासून, कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही. रानातला ऊस कारखान्यातून पंपावर येतो आणि रानाच्या मालकाची आरएक्स अर्ध्या रेसला चुकायला लागते. उपाय क्लिप एक खाच खाली घेण्याचा. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, पण बोअर-पिस्टनच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

सुई विकत घ्यायची तर नीडल जेटसकट जोडी घ्यावी. झिजलेल्या भोकात नवी सुई घालून काही साधत नाही. बाजारातल्या स्वस्त किटमधल्या कित्येक सुयांवर नंबरच नसतो. असली सुई दुकानातच जुन्या सुईशेजारी धरावी, मायक्रोमीटर मिळाला तर माथ्यापासून ठरावीक अंतरांवर दोन्हींची जाडी मोजावी. मापं जुळत नसतील तर किट परत करावं, आणि जुनी सुई सरळ असेल तर तीच पुसून पुन्हा चढवावी.