नियम बदलणाऱ्या नियमालाच हात लावता येतो का?

एक खेळ असा आहे, की त्यातली प्रत्येक खेळी म्हणजे खेळाचाच एखादा नियम बदलणं. नाव ‘नॉमिक’. अमेरिकी तत्त्वज्ञ पीटर सुबर यांनी तो रचला आणि १९८२ साली डग्लस हॉफस्टॅटर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून तो लोकांपुढे आला. सुरुवातीला २९ नियम हाती येतात. १०१ ते ११६ हे सोळा कडक, २०१ ते २१३ हे तेरा त्यामानाने लवचीक. आपली पाळी आली की प्रस्ताव मांडायचा, त्यावर मतं घ्यायची. मंजूर झाला, की पुढचा खेळाडू वेगळ्याच नियमांनी खेळतो.

लढाई सगळी शब्दांची, त्यामुळे भांडणंही शब्दांवरूनच. ‘खेळाडूने पाळीला एक प्रस्ताव मांडावा’ असा नियम झाला, तर एक म्हणणार, मांडलाच पाहिजे. दुसरा म्हणणार, मांडायचाच झाला तर एकच मांडावा, सक्ती कुठे आहे? असा वाद पेटला, की जो खेळतोय त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो. त्याचा निवाडा फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं. आणि एखादी खेळी वैध म्हणावी तेवढीच अवैधही ठरत असेल, तर? जो पहिला खेळाडू त्यामुळे आपली पाळी पुरी करू शकत नाही, तो जिंकतो! पण सगळ्यांत धाडसी आहे तो नियम ११५. नियम बदलण्याचा अधिकार ज्यातून मिळतो, तो नियमसुद्धा बदला, अगदी रद्द करा, असं तो उघडपणे सांगतो.

यामागे कायद्याचं खरंखुरं कोडं आहे. घटनादुरुस्तीचं कलम स्वतःचीच दुरुस्ती करू शकतं का? आल्फ रॉस या डॅनिश विधिज्ञांनी १९६९ मध्ये ते तर्काच्या अंगाने मांडलं होतं, आणि सुबर यांनी पुढे त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तर्कशास्त्राच्या वर्गात शोभणारा हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला, तोही बंगळुरूच्या एका कापड गिरणीच्या निमित्ताने.

मिनर्व्हा मिल्स. केंद्र सरकारने १९७१ मध्ये या गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि १९७४ च्या कायद्याने तिचं राष्ट्रीयीकरण केलं. मालक न्यायालयात गेले. त्यांचे वकील नानी पालखीवाला यांनी गिरणीच्या पलीकडे जाऊन थेट ४२ व्या घटनादुरुस्तीलाच आव्हान दिलं.

आपल्या घटनेत दुरुस्तीचा नियम म्हणजे कलम ३६८. ते वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश हवेत. काही तरतुदींसाठी त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती हवी. या खास तरतुदींच्या यादीत कलम ३६८ स्वतःचंही नाव घालतं! म्हणजे हा नियम बदलता येतो, हे घटनाच सांगते. पण किती बदलता येतो? तिथे शब्द गप्प आहेत, आणि तिथूनच संसद आणि न्यायालय यांच्या खेळ्या सुरू झाल्या.

मूलभूत हक्क हिरावणारा ‘कायदा’ करता येणार नाही, असं कलम १३ म्हणतं. मग घटनादुरुस्ती हा ‘कायदा’ आहे का? १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरापैकी सहा न्यायाधीश म्हणाले, आहे. १९७१ मध्ये संसदेने २४ वी दुरुस्ती करून उत्तर दिलं: नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीश बसले. त्यांनी २४ वी दुरुस्ती मान्य केली, पण ‘दुरुस्ती’ म्हणजे घटनेची मूलभूत चौकट मोडणं नव्हे, असं सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं. आणीबाणीत, १९७६ साली, संसदेने पुढची खेळी केली, तीच ४२ वी दुरुस्ती. कलम ३६८ मध्ये दोन नवी पोटकलमं आली: घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. सुबर यांचा खेळ तोवर जन्मलाही नव्हता, पण ही खेळी अस्सल नॉमिकची होती.

मिनर्व्हा मिल्स खटल्यात निकाल देणारे सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. १९७३ मध्ये तेच न्यायमूर्ती अल्पमतातल्या सहांमध्ये होते. संसदेच्या अधिकाराला आतून मर्यादा नाही, असं तेव्हा त्यांचं मत होतं. १९८० मध्ये त्यांनी वेगळा युक्तिवाद उभा केला. मर्यादित अधिकार ज्याला मिळाला, तो त्याच अधिकाराच्या जोरावर आपला अधिकार अमर्याद करू शकत नाही. अधिकार मर्यादित असणं हेच चौकटीचा भाग आहे. दोन्ही पोटकलमं रद्द झाली, आणि त्यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं.

किती स्वच्छ विचार आहे हा! नियम ११५ ला जे चालतं, ते खेळात ठीक आहे. डाव संपला की सगळे घरी जातात. इथे मात्र ज्यांच्यावर नियम चालतात त्यांना उठून जायची सोय नसते. म्हणून मला तरी चंद्रचूडांचं उत्तर तर्काला आणि माणसांना, दोघांनाही धरून असलेलं वाटतं. शब्दांचा कीस पाडणं ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

गिरणी मात्र मालकांना परत मिळाली नाही. तिचं राष्ट्रीयीकरण सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये वैध ठरवलं. आणि ती दोन पोटकलमं? रद्द ठरूनही ती घटनेच्या छापील प्रतीत आजही आहेत, कारण न्यायालय तरतूद निष्प्रभ करतं, खोडत नाही. कलम ३६८ उघडा, पोटकलम ४ आणि ५ काढा आणि त्यांची तळटीप वाचा. बंगळुरूच्या गिरणीचं नाव तिथे सापडेल.