सर्रास आढळणारा रक्तक्षय स्वाभाविक नव्हे

‘बायकांचे रक्त थोडे कमीच असायचे’ असे घरोघरी सहज म्हटले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते. म्हणजे रक्तक्षय नसलेल्या स्त्रियाच देशात अल्पसंख्य ठरल्या. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी ठरवलेली हिमोग्लोबिनची किमान पातळी, डेसिलिटरमागे १२ ग्रॅम, त्यामुळे खाली येत नाही. ही पातळी निरोगी व्यक्तींच्या रक्तावरून ठरते, बहुसंख्यांच्या रक्तावरून नव्हे.

जिना चढताना लागणारी धाप किंवा सततचा थकवा कामाच्या खात्यावर टाकला जातो. शेजारणीलाही तेच होत असल्याने तक्रार करावी तरी कोणाकडे? मात्र हीच स्त्री बाळंत होताना तिला जास्त रक्तस्राव झाला, तर तो सोसण्याची ताकद तिच्या शरीरात नसते आणि तिच्या जिवावर बेतू शकते. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे प्रमुख कारण असले तरी जंत, सिकलसेल यांसारखी कारणेही असतात. म्हणून तपासणी आधी, गोळ्या नंतर. लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास लोह शरीरात नीट शोषले जात नाही.