अंगणातील दगडफूल : ओळख आणि स्वागत

गोड्या मसाल्यात कोणकोणते जिन्नस घालावेत, हे कोणत्याही घरातील जाणत्या बाईला विचारावे. धणे, जिरे, तीळ, खोबरे यांच्या जोडीला दगडफुलाचे नाव ती हटकून घेईल. परंतु हे दगडफूल म्हणजे वस्तुतः काय, असा पुढचा प्रश्न केला तर पुष्कळांची गाडी अडते. ते फूल तर नव्हेच; आणि बाजारात येणारे बरेचसे दगडावरचेही नसते, डोंगरातील झाडांच्या सालीवरचे असते. त्याचीच भावंडे आपल्या अंगणातील आंब्यावर, चाफ्यावर, जुन्या दगडी कुंपणावर मुकाट्याने राहत असतात, आणि आपण त्यांना रोग समजून खरवडून काढतो. मसाल्याच्या डब्यातील भावाला मान आणि अंगणातील भावाला खराटा, असा हा न्याय आहे. तो बदलावा, एवढाच या विवेचनाचा हेतू.

दगडफुलाच्या साऱ्या कुळाला शास्त्रीय परिभाषेत शैवाक म्हणतात. शैवाक ही एक वनस्पती नसून दोघांचा संसार आहे. बुरशीच्या जातीचे कवक घर बांधते, ओल धरून ठेवते, उन्हापासून आडोसा देते. त्या घरात राहणारे सूक्ष्म हिरवे शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्या विषयातील मोठमोठ्या पंडितांनी त्यांची थट्टा केली. श्वेंडेनर यांनी स्वतः या नात्याला धनी आणि गुलाम यांची उपमा दिली होती. पुढील संशोधकांना त्यात गुलामगिरीपेक्षा सहजीवन अधिक दिसले. २०१६ साली तर असे आढळून आले की कित्येक शैवाकांच्या वरच्या सालीत आणखी एक, यीस्टच्या वर्गातील, बुरशीही नांदत असते. म्हणजे हा संसार दोघांचाही नव्हे, एकत्र कुटुंबच म्हणावयाचे! भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

आता त्यांना ओळखावे कसे? त्यांच्या बांधणीचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला खपलीसारखा. हा सालीला किंवा दगडाला असा चिकटतो की नखाने सुटत नाही. कोकणात पोफळीच्या व माडाच्या खोडावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग दिसतात, ते बहुधा हेच. काही जातींच्या अंगावर बारीक काळ्या वळणदार रेघा असतात. कोणी घाईघाईने मोडी लिहून गेला आहे असे वाटते. दुसरा प्रकार पानासारखा. याच्या कडा थोड्या उचललेल्या, झालरीसारख्या असतात. मसाल्यातले दगडफूल या वर्गातले. तिसरा झुडपासारखा किंवा दाढीसारखा लोंबणारा. तो महाबळेश्वरासारख्या ओल्या, थंड हवेत भेटतो. शहरातील अंगणात त्याची अपेक्षा धरू नये.

एक सोपी परीक्षा घरच्या घरी करता येते. करड्या डागावर पाण्याचे चार थेंब सोडावेत आणि थोडा वेळ थांबावे. डाग हिरवट होऊ लागला तर ते शैवाक समजावे. वरची साल भिजून पारदर्शक होते आणि आतले हिरवे शैवल दिसू लागते. वैशाखाच्या उन्हात ते सुकून निपचित पडते, दवाने किंवा पहिल्या पावसाने पुन्हा जागे होते. भिंतीवरचे पावसाळी शेवाळ वेगळे. ते अंगभर हिरवे असते आणि पाय घसरवते.

बागवानांचा मुख्य आक्षेप असा, की हे झाडाचा रस शोषते. हा आक्षेप खरा नाही. शैवाकाला मुळे नसतात; पाणी व क्षार ते पावसातून आणि हवेतून घेते. झाड त्याला केवळ बसावयाला जागा देते. खरा शोषक पाहावयाचा तर आंब्यावरचे बांडगूळ पाहावे. ते फांदीत शिरून तिचे पाणी ओढते आणि ते काढलेच पाहिजे. आंब्याच्या व पेरूच्या पानांवर तांबूस मखमली ठिपके पडतात, तोही निराळा रोग आहे, आणि तो एका परोपजीवी शैवलामुळे होतो. वाळत चाललेल्या फांदीवर शैवाक अधिक दिसते हे खरे. परंतु पाने गळाली, ऊन आत आले, म्हणून ते तेथे वाढले. फांदी वाळण्याचे कारण मुळाशी, पाण्यात किंवा किडीत शोधावे.

मुळे नाहीत, त्याचप्रमाणे हवेतील विष अडविणारे जाड आवरणही नाही. त्यामुळे हवेत जे असेल ते सारे शैवाकाच्या अंगात मुरते. हे गुपित विल्यम निलांडर यांनी १८६६ साली पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानात उघड केले. शहराच्या इतर भागांत न आढळणारी शैवाके त्या बागेत होती, आणि त्यावरून तेथील हवा शुद्ध असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे कोळशाच्या धुरातील गंधकवायूने ती बागेतूनही नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो वायू कमी झाला, तशी ती पुन्हा परतू लागली. मात्र एखादा डाग दिसला म्हणून हवा निर्मळ आहे असे समजू नये. काही जाती धूरधूळही सोसतात. एका खोडावर किती प्रकार नांदतात, याला महत्त्व आहे.

स्वागताला खर्च मुळीच नाही. शैवाक विकत आणून लावावे लागत नाही. त्याचे पीठासारखे कण वाऱ्यावर येतात. आपण फक्त जागा राखावयाची. जुने झाड तोडू नये. खोडाला गेरू-चुना फासण्याची सवय असेल, तर निदान काही झाडे मोकळी ठेवावीत. तांब्याचे बोर्डो मिश्रण खरा रोग असेल तेव्हाच वापरावे. तांबे शैवाकाला मारक आहे. कुंपणाचा एखादा ओबडधोबड काळा दगड न घासता तसाच राहू द्यावा. दोन पथ्ये मात्र पाळावीत. अंगणातले शैवाक मसाल्यात घालू नये, कारण रस्त्यावरची धूळ आणि धातू त्यात साठलेले असतात. आणि कोरीव मूर्ती किंवा शिलालेख यांवर ते वाढले असेल, तर जाणकाराला विचारावे. त्याची आम्ले दगड हळूहळू झिजवतात, पण घरगुती घासाघाशीने नुकसान त्याहून लवकर होते.

या साऱ्यात धीर हाच खरा गुण. बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. तळहाताएवढे वर्तुळ व्हावयाला कित्येक वर्षे लागलेली असतात, आणि कोयत्याच्या एका फटक्यात ते जाते. तेव्हा आमची सूचना अशी : घरातील मुलांनी एक डाग निवडावा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने कड गिरवावी, खाली तारीख घालावी आणि दर दसऱ्याला पुन्हा गिरवावी. चार-पाच वर्षांत त्या कागदांची चळत होईल. कड पुढे सरकली, थबकली की मागे हटली, हे त्या कागदांवरून कोणालाही वाचता येईल; आणि आपल्या आळीतील हवेविषयी त्या मुलांना चारचौघांत काही पुराव्यानिशी बोलता येईल.